तुमच्या खुर्चीत माझा बाप

सर, तुमच्या तसबिरीचं अनावरण मी करावं असा कॉलेजातून निरोप आला. मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं, ते सांगितलं नाही. ते तुम्हालाच सांगायचं आहे, आणि तुम्ही जाऊन एक पिढी उलटली.

नवं राज्य नुकतंच झालं होतं. त्या हिवाळ्यातल्या गॅदरिंगला तुम्ही ‘विविधतेतून एकता’ असा कापडी फलक लावलात आणि प्रत्येक समाज तुम्हाला रंगमंचावर हवा होता. तापीकाठच्या गुजर मुलांनी गरबा ठरवला. वसतिगृहात सातपुड्यातला आदिवासी मी एकटाच. तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. “तुझे वडील होळीला मोरपिसं लावून नाचतात ना? घेऊन ये त्यांना.”

“सर, होळीशिवाय ते नाचत नाहीत.”

तुम्ही प्राचार्य तर होतातच, वसतिगृहाचे रेक्टरही होतात. हसत म्हणालात, “आणि तुझी खोली पुढच्या वर्षी ठेवायची की नाही, ते कोण बघतं रे?” तुम्हाला ती थट्टा वाटली असेल. मी ती घरी जाऊन बापाला जशीच्या तशी सांगितली.

बापाने चुलीतला विस्तव मागे सारला. मग आमच्या बोलीत म्हणाला, “खोली जाऊ द्यायची नाही. पण पालनी धरूनच येईन.” पालनी म्हणजे व्रत. आमच्याकडच्या काठी गावच्या होळीत मोरपिसांचा टोप घालणारा माणूस ते धरतो. मग तो खाटेवर, खुर्चीवर बसत नाही, बायकोजवळ जात नाही, अंगाला पाणी लावत नाही. असा राहिलेल्यानेच टोप घालायचा. दुसऱ्याने घातला तर ते सोंग. बापाने माझ्या खोलीसाठी ते अवेळी धरलं, डोंगर उतरून नंदुरबारला आला आणि खोलीतली खाट सोडून थंड फरशीवर निजला.

गॅदरिंगच्या दुपारी तुम्ही त्याला पाहिलंत. “पाहुण्यांसमोर असं कसं जाणार, बाबा? आंघोळ करून घ्या, बरं वाटेल.” मी मध्ये बोलायला लागलो तर म्हणालात, “तू गप. यात लाजण्यासारखं काय आहे?” बादली आली, साबण आला. बापाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि अंगावर पाणी घेतलं.

आता तो रंगमंचावर उभा आहे. टोप हातात आहे, डोक्यावर नाही. ढोल वाजतोय आणि त्याच्या कमरेचे घुंगरू हलत नाहीत. मागून एकजण मला डिवचतो, “काय रे, तुन्हा बाप नाचस का नुसता उभा ऱ्हास?” बाप सावकाश पुढे येतो आणि प्रमुख पाहुण्यांशेजारच्या तुमच्या रिकाम्या खुर्चीत टोप मांडीवर घेऊन बसतो. पालनी मोडलेला माणूस कुठेही बसू शकतो. त्या अख्ख्या मांडवात हे मला एकट्याला कळलं. तुम्ही लाऊडस्पीकरवरून म्हणालात, “लाजतात बिचारे. टाळ्या होऊ द्या.” टाळ्या झाल्या.

त्या टाळ्यांवर मी आयुष्यभर सभांतून बोलत आलो. तुम्हाला आमचा नाच हवा होता आणि त्यासाठी माणूस धुऊन हवा होता. तुमच्याच कपाटातली पुस्तकं मी वाचली. त्यांत समता होती, बंधुता होती, पानोपानी तुमच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. एवढं वाचलेल्या माणसाला समोरच्याला एकदा विचारता आलं नाही, की बाबा, पाणी चालेल का?

माझी खोली राहिली. पुढच्या होळीला बापाने टोप घातला नाही, त्यानंतरही कधी नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो, जी मी कुठल्याच सभेत सांगत नाही. थंडी कडाक्याची होती, म्हणून ते पाणी तुम्ही तुमच्या घरच्या चुलीवर तापवलंत आणि शिपायाला हाक न मारता बादली स्वतः उचलून आणलीत. हे सांगितलं तर लोक तुम्हाला माफ करतील. मला ते नको आहे.