कठड्यावरच्या गाठी

शनिवार, ६ जानेवारी २०२४

कारखान्याने शनिवारची दुपार समाजसेवेला द्यायचं ठरवलं. ऑफिसच्या रागिणी मॅडमनी आम्हा वेल्डरांना जठारपेठेतल्या अंध मुलींच्या वसतिगृहात नेलं. खोल्यांपासून जेवणघरापर्यंत, अंगणातून, लोखंडी कठडा करायचा. मुलींना धरून चालता यावं म्हणून. आजवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्याच केल्या — हे काम वेगळं!

तिथे गीतांजली आहे, नववीतली. दिवाळीनंतर दोनदा पडली. तिच्या वडिलांचा, शालिकरामांचा, पातूरकडे भाजीचा मळा आहे. त्यांनी सांगून ठेवलंय — पुन्हा पडली की घरी नेतो, शिक्षण बस झालं.

शनिवार, १३ जानेवारी

कठडा उभा राहिला. सगळे जोड मी स्वतः ग्राइंडरने घासले. बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे ते कळू नये — उस्तादांनी हेच शिकवलं होतं.

गोपाल, आमचा हेल्पर, म्हणाला, "काकाजी, यात पाहून भांग पाडता येते."

बाकावरून गीतांजली म्हणाली, "मंग माही वेणीबी घालून द्या."

सगळे हसले. गोपालच लाजला.

घरी बायकोला, कौशल्याला, फोटो दाखवला. जेवल्यावर पुन्हा दाखवला.

बुधवार, १७ जानेवारी

मॅडमचा फोन. गीतांजली पडली — कठडा धरून चालताना! गुडघा फुटला. शालिकराम रविवारी न्यायला येणार.

ताट सारून उद्याच्या सुट्टीचा अर्ज लिहिला.

गुरुवार, १८ जानेवारी

सुट्टी टाकून गेलो. कशी पडलीस, विचारलं.

"काका, लय गुळगुळीत हाय. सारं सारखंच लागते. पायऱ्या आल्या हे मले कसं समजन?"

देवळात रोज डोळे मिटतो मी. आज वसतिगृहाच्या अंगणात मिटले आणि कठड्यावरून हात सरकवत चाललो. पायऱ्या कधी आल्या कळलंच नाही — तोल गेला. ज्या सफाईचा अभिमान होता, तीच आड आली.

शनिवार, २० जानेवारी

कठड्यावर वेल्डिंगच्या गाठी पाडल्या. वळणाआधी एक, पायऱ्यांआधी तीन. टोचू नयेत एवढंच घासलं. गोपाल म्हणाला, कारखान्यात असं काम केलं तर साहेब गेटबाहेर काढतील. खरं आहे.

कोणती गाठ कशाची ते गीतांजलीला सांगितलं. तिने गाठी चाचपल्या. पण चालेना. हात मागे घेऊन बाकावर जाऊन बसली. निघालो तेव्हाही तिथेच होती.

घरी देव्हाऱ्यातल्या महाराजांपुढे दिवा लावला. मागितलं काही नाही. झालं ते सांगितलं फक्त.

रविवार, २१ जानेवारी

राहवेना म्हणून गेलो. शालिकराम आलेले. पोरीची पेटी भरून दाराशी ठेवलेली. माझ्याशी नीट बोलले, पण म्हणाले, "तुमी मेहनत केली भाऊ. पण पोरगी घरीच बरी."

गीतांजली उठली. "बाबा, जेवून तं घ्या."

एका हातात बापाचा हात, दुसरा कठड्यावर. वळणाच्या गाठीशी वळली. तीन गाठी लागल्या तशी थांबली. "पायऱ्या हायेत बाबा. सांभाळून."

शालिकराम पायऱ्यांकडे पाहतच नव्हते. तिच्याकडे पाहत राहिले आणि स्वतःच अडखळले. तिने घट्ट धरलं.

मी तोंड धुवायला नळावर गेलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शालिकराम पाचच्या बसने गेले. एकटेच.