तात्या आता… न्हायत!

तीर्थस्वरूप तात्यासो दाजी,
मुक्काम वारणानगर.

मेव्हणा बाबगोंडा याचा कोल्हापूरहून जय जिनेंद्र. पत्र लिहिण्यास कारण की, आपण जिवंत आहात. पत्रात तब्येत विचारायची रीत असते, पण मी खरंच विचारतोय. मंगळवारी अर्धा दिवस ती विचारायची सोयच संपली असं धरून बसलो होतो. (फोनवर बोलायची आता हिंमत न्हाई.)

त्याचं झालं असं. तुमच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलंय, एवढं कळल्यापासून आमचं सगळं ध्यान फोनकडं. मंगळवारी सकाळी तुमच्या सम्मेदनं मला आणि हिला एकदमच फोन जोडला. मी बोळात, दोन नव्या अपार्टमेंटच्या मधी. ही गच्चीवर, पापडाजवळ. मला ऐकू आलं, "तात्या आता… न्हायत." आणि फोन बंद. तोवर ही जिन्यावरनं रडतच खाली. तिला ऐकू आलेलं, "…दवाखान्यात… घरी आणलंय."

घरी आणलंय म्हणजे मयतच आणलं असणार, मग शंका कसली राहतीय, तुम्हीच सांगा! सम्मेदला परत फोन लागंना. मी बोळातच धाय मोकलून रडलो. (केरबा रिक्षावाल्यानं पाणी पाजलं.) साऱ्या गल्लीला सांगितलं, माझा दाजी लाखात एक. तुमच्याकडच्या ताकात नुसतं पाणी असतं असं ज्यांना ज्यांना सांगत आलो, त्यांची माफी मागितली.

दुपारी आमची ऐश्वर्या कॉलेजातून आली. पोरगी रेडिओलहरींचं शिकते. (मला आजवर टीव्ही दुरुस्तीचा कोर्स वाटायचा.) ती रडली न्हाई. कुणाला काय ऐकू आलं ते तिनं कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं. म्हणाली, टॉवरची लहर एका वाटेनं येत न्हाई. भिंतींवर, टाक्यांवर आपटून चार वाटांनी येते आणि त्या चार लहरी पोचता पोचता एकमेकींनाच मारतात. तिथं आवाज बुडतो, वीतभर सरकलं की परत सापडतो. म्हणून दोन जागी दोन अँटेना ठेवायच्या, एकीचं बुडालेलं दुसरीकडं मिळतं. मग मला म्हणाली, तुम्ही आणि आई म्हणजे त्या दोन अँटेना. (तीस वर्षांत आम्हा दोघांना एक गोष्ट सारखी ऐकू आलेली न्हाई, त्याचा असा उपयोग असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.) मग तिनं दोन्ही तुकडे जोडून वाचलं: तात्या आता दवाखान्यात न्हायत, घरी आणलंय!

गच्चीवरनं सम्मेदला फोन लागला, त्यानंही तेच सांगितलं. दाजी, माझा जीव भांड्यात पडला. ही हसत हसत रडली, मी अनवाणीच बस्तीकडं, देवाच्या पाया पडायला पळालो. अक्काला नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

आपला,
बाबगोंडा

ता. क. ताकाबद्दलची माफी तेवढी मागं घेतली आहे.

दुसरा ता. क. मुद्द्याचं राहिलं. ऐश्वर्या यायच्या आधीच चौकात तुमचा फ्लेक्स लागला होता, सहा बाय चार, हारासकट. आदर्श फ्लेक्सवाला म्हणतो, 'भावपूर्ण श्रद्धांजली'वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'ची पट्टी मारून देतो. (हार दोन्हीकडं चालतो.) तेव्हा कुणी विचारलं तर रविवारी वाढदिवस आहे म्हणा. खरी तारीख कोणती, तेही कळवा. पस्तीस वर्षांत मी ती कधी विचारलीच न्हाई, दाजी. राहूनच गेली असती.