कुसणवाड्याच्या विहिरीचा तळ

१२ एप्रिल १९८७

कॉट आडवी केली, उभी केली, तरी दारातून आत जाईना. शेवटी सखारामने तिचे पाय सोडवले, आत नेऊन परत बसवले आणि म्हणाला की घाटावरच्या माणसांची झोप मोठी, म्हणून कॉटही मोठी. हा दोडामार्गकडचा. वीस वर्षं खनिजाचे ट्रक चालवले, आता कंपनीची जीप चालवतो. ज्याच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो त्या गडहिंग्लजवाल्याला पाणी उपसायला आणलंय, यावर तो दिवसभर हसत होता. माझ्या बायकोला, रत्नालाही, हसू आवरेना.

काम सरळ आहे. खाण चार वर्षांपूर्वी बंद पडली. खड्ड्यात हिरवं पाणी साठलंय. पावसापूर्वी ते निम्म्यावर आणायचं, नाहीतर बांध फुटून खालची शेतं आणि वस्ती जाईल. त्यासाठी दोन पंप. राहायला दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर, डोंगर कापताना सोडलेल्या एका पायरीवर. तिन्ही बाजूंना तांबड्या मातीच्या उभ्या भिंती, चौथ्या बाजूला तारेचं कुंपण आणि पलीकडे खड्डा. पोदेर सकाळी सायकलवरून पाव आणतो. आमच्या अमृताने पहिल्याच दिवशी त्याच्या भोंग्याची नक्कल उचलली. जूनमध्ये तिला शाळेत घालायचं आहे. डिचोलीला चौकशी केली पाहिजे.

१७ एप्रिल

संध्याकाळी तिघे खाली लायनींत गेलो. लायनी म्हणजे कामगारांच्या चाळी. सखारामने इथला इतिहास सांगितला तो लिहून ठेवतो.

आधी इथे डोंगर होता आणि डोंगरावर कुसणवाडा नावाचं गाव. पोर्तुगीज जायच्या सुमारास डोंगरात खनिज निघालं. गाव उठवून खाली आणलं, डोंगर कापला. मग कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडीकडची माणसं आली. भरात असताना दोन हजारांची वस्ती होती, दोन न्हावी होते, शनिवारी पडदा लावून सिनेमा दाखवत. खनिज संपलं तशी माणसं गेली. आता दहा-बारा दारं उघडी आहेत. रिकाम्या घरांची कौलंसुद्धा लोकांनी नेलीत. एका भिंतीवर मराठीची आणि कोंकणीची घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या आहेत. दोन्ही वाचता येत नाहीत.

पहिल्या घरात चंद्रावतीमावशी राहतात. कुसणवाड्याच्या सून, आणि त्या गावातून उतरलेल्यांपैकी राहिलेल्या एकट्याच. गाव खाली आणल्यावर म्हातारी माणसं पहिल्याच पावसात एकेक करून गेली, असं सखाराम सांगत होता. मावशींनी त्याला मध्येच थांबवलं.

"गेलीं खंय? घरा परतलीं."

सखाराम हसला. तुझ्याच ट्रकातून माझी चूल गेली, तू हसू नको, असं मावशी त्याला म्हणाल्या. मग त्यालाच पहिला चहा दिला.

२४ एप्रिल

अंगणाच्या मधोमध एक गोल आहे. बैलगाडी उभी राहील एवढा. बाकीची जमीन भाजून निघालीय, हा मात्र काळपट आणि किंचित ओला. मावशी रत्नाला आमसुलं द्यायला आल्या तेव्हा विचारलं.

ती कुसणवाड्याची बांय. त्यांच्या भाषेत बांय म्हणजे विहीर. भोवतीचा डोंगर गेला आणि विहिरीचा तळ तेवढा राहिला. गाव होतं तिथवर पोचायला चार माड एकावर एक उभे करावे लागतील, इतकी ती खोल होती. तळापर्यंत ऊन फक्त भर दुपारी यायचं. त्या वेळात तळ दिसायचा. काही पडलं असेल तर बायका तेव्हा वाकून बघत.

एकदा मावशींच्या शेजारणीची मुलगी पडली. विहिरीत माणूस असेपर्यंत गावात कोणी चूल पेटवायची नाही, अशी रीत होती. आधी गळ टाकून पाहिला. मग दोराला हारा, म्हणजे मोठी टोपली, बांधून सोडली. तिसऱ्या दिवशी मुलगी वर आली. जिवंत होती का, असं रत्नाने विचारलं. मावशींनी अमृताकडे पाहिलं आणि आमसुलांना ऊन कसं द्यायचं ते सांगू लागल्या.

परत जाताना त्या अंगणातून गेल्या नाहीत. भिंतीच्या कडेने गेल्या.

२ मे

पंप ठीक. पाणी उतरतंय, पण फार सावकाश.

दुपारी जेवून पडलो होतो. रहाटाचा आवाज आला. कोरडा, तेल नसलेल्या रहाटाचा. आमच्या घराच्या वर झाड नाही, काही नाही. बाहेर येऊन पाहिलं तर अमृता त्या गोलात मान वर करून उभी. हातात अबोलीचं फूल. कुठून आणलंस विचारलं. म्हणाली, पडलं.

जवळपास कुठे अबोली नाही. वाऱ्याने आलं असेल.

७ मे

आज मी स्वतः पाहिलं. तसंच लिहितो.

ऊन डोक्यावर होतं. उन्हातून दोर खाली आला. त्याचं वरचं टोक दिसत नव्हतं, डोळे दिपत होते. दोराला तांब्याची कळशी. ती गोलात टेकली, कलंडली, ओढली गेली, पुन्हा टेकली. पाणी भरायचा प्रयत्न करावा तशी. रत्ना घरातून घागर घेऊन आली. कळशी भरली. बाजूला झाली. कळशी डुचमळत वर गेली. रत्नाच्या तोंडावर चार थेंब उडाले, ते तिने पदराने पुसले.

गेले चार दिवस ती हे करत होती. मला सांगितलं नाही कारण मी नको म्हटलं असतं. मी म्हटलंही. ती म्हणाली की टँकरसाठी दुपारभर उभं राहणं काय असतं ते तुम्हाला माहीत नाही, तुम्ही तेव्हा कारखान्यात असायचात. पाण्याला आलेली कळशी ती रिकामी पाठवणार नाही.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. कळशी घासलेली, लखलखीत होती. कोणाच्या तरी घरातली.

१३ मे

अमृता म्हणते, वर बायका आहेत. वाकून बघतात. एक तिला हाक मारते.

काय हाक मारते, ते सांगत नाही.

दुपारी तिला घरात कोंडून ठेवायचं ठरवलंय. रडते.

१९ मे

चार दिवस कळशी आली नाही. बरं वाटत होतं.

आज गळ आला. लोखंडी, बऱ्याच आकड्यांचा, पडलेली भांडी काढायचा असतो तसा. गोलात फिरत राहिला. सावकाश, चाचपत. अमृता कधी कडी काढून बाहेर गेली कळलं नाही. गळ तिच्या पायापासून हातभर. मी धावलो, तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि वर पाहिलं.

आकाश गोल होतं.

कडेला माणसं —

२० मे

मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रत्नाला बोलल्या नाहीत, तिचा हात धरून बसल्या. त्यांचं म्हणणं असं. गाव गेल्यापासून वरच्यांची बांय कोरडी. आता इतक्या वर्षांनी कळशी भरून आली, तेव्हा पाणी कुठून आलं म्हणून ती वाकून बघणारच. बघितलं तर तळाला पोर.

"बांयंत भुरगें पडलां अशें तांकां दिसतां," मावशी म्हणाल्या. "काडल्याबगर तीं रावचीं नांत. आमचीं माणसां तशीं न्हय." म्हणजे पोर बाहेर काढल्याशिवाय ती थांबणार नाहीत.

पण मी तिला उचलून घेतलं, ते त्यांनी पाहिलं असेल. तिचा बाप आहे हे कळलं असेल. असं मी म्हणालो.

मावशींनी रत्नाचा हात सोडला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"तूंय दिसलो, बाबा. बांयंत भुरगें धरून बशिल्लो. तूं कोण, तें तांकां कितें खबर?"

२१ मे

सामान तिथेच. आम्ही मावशींच्या घरी. अमृताला ताप. प्रवास नको, असं डिचोलीचे डॉक्टर म्हणाले.

पंप सोडून जाता येत नाही. पाणी अजून बांधाला टेकलेलं आहे आणि बांधाखाली ही दहा-बारा घरं. सखाराम म्हणतो, दुसरा माणूस मागवतो. कधी ते सांगत नाही. आता हसतही नाही.

२४ मे

पंपाची वाट अंगणातून. दुपार टाळतो. आज डिझेल उशिरा आलं.

वरून दगड आला. मग दुसरा, खांद्यावर. नेम धरून मारलेले नव्हते. कुत्र्याला हाकलावं तसे.

मी ओरडून सांगितलं. माझी मुलगी आहे. ही विहीर नाही. इथे पाणी नाही. ओरडत राहिलो.

वर एकदम शांत झालं. मग बायका रडायला लागल्या. विहिरीतून माझा आवाज त्यांना कसा ऐकू गेला असेल —

२६ मे

ताप उतरला. अमृता खेळते. दुपार झाली की दाराशी जाऊन बसते.

सखाराम अंगणात जाऊन आला. तीन वाजता आला, काही दिसलं नाही म्हणाला. मग म्हणाला, एवढी सकाळ-संध्याकाळ होते, पण वर कुठे चुलीचा वास नाही. पूर्वी यायचा का, विचारलं. म्हणाला, वीस वर्षं येत होता. कोणाला सांगणार.

त्यांच्या चुली बंद आहेत. आमच्यामुळे. म्हातारी माणसं उपाशी —

२७ मे

मावशींनी सुचवलं. गवत भरून बाहुली केली, तिला अमृताचा पिवळा फ्रॉक. हारा खाली आलेलाच होता. जाड दोर, चार बाजूंनी बांधलेला, आत मऊ कापड अंथरलेलं. कोणीतरी आपली जुनी साडी घातली होती.

बाहुली ठेवली. मागे सरलो. हारा वर गेला. अजिबात न हलवता ओढत होते. जीव ओतून.

रात्री झोप लागली.

२८ मे

हारा परत आला.

आत फ्रॉक. धुतलेला, वाळवलेला, घडी घातलेला. त्यावर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा.

तिला घालायला पाठवलाय. वर आल्यावर —

फ्रॉक उचलला नाही. गोलात तसाच आहे. हारा पण.

२९ मे

उद्या गोवा राज्य होणार. लायनींतले सगळे सोहळ्याला डिचोलीला, सखाराम ट्रक काढतोय. रत्ना आणि अमृता त्यात. तिथून बेळगावची एसटी, पुढे गडहिंग्लज. मी पंपावर. चार दिवसांत दुसरा माणूस येईल.

उद्या दुपारच्या आत त्या इथून गेल्या पाहिजेत. बाकी काही नको.

अमृताला तोच पिवळा फ्रॉक हवा. रत्नाने धपाटा घातला. मग जवळ घेऊन रडली.

३० मे

क्वार्टरच्या दारात बसून लिहितो. ट्रक निघाला. रत्नाने मागे पाहिलं नाही. लायनी रिकाम्या. मावशी तेवढ्या आहेत, ऊन सोसत नाही म्हणून.

बरं झालं. मी एकटाच दिसेन. काय करायचं ते मला करू देत.

हारा गोलात. पिवळा फ्रॉक शेजारी. दोर ताणलेला. वर धरून उभे असणार, दोन दिवस. हात बदलत.

भिंतींची सावली पायाशी आली. ऊन गोलात उतरतंय.

ट्रक वळणावर थांबलेला दिसतो. मये गावाहून आलेली माणसं चढतायत. गाणी. झेंडा.

पाव विकायचा भोंगा वाजला. आता? पोदेर तर सकाळीच —

तोंडाने वाजवतंय कोणी. जवळून.

ती भिंतीच्या कडेने येत नाही. सरळ अंगणातून, फ्रॉककडे —

३१ मे

काल संध्याकाळपर्यंत सगळे शोधत होते. डिचोलीला कोणी गेलं नाही. सखारामने खड्ड्यातल्या पाण्यात गळ टाकला, रात्री गॅसबत्त्या लावून टाकला. काही लागलं नाही. रत्ना मावशींच्या ओट्यावर बसून आहे. हारा वर जाताना ज्या हाताने मी दोर धरला होता, तो तिला दाखवला. कोपरापर्यंत दोराने सोललेला आहे. ती त्याच्याकडे बघते.

लायनींत आज कोणी चूल पेटवली नाही. पोर सापडेपर्यंत पेटवणार नाहीत.

सात वाजता मावशींनी मला बाहेर बोलावलं आणि वर पाहून हात जोडले. खड्ड्यावर, क्वार्टरच्या कितीतरी वर, मोकळ्या हवेत धूर दिसत होता. आधी एका घराचा. मग शेजारच्या. मग