पायगुण आन् फायनल

आबा,
नमस्कार. घरातूनच लिहितीय, घाबरू नका!

आज शिरूरला कबड्डीची फायनल झाली. आपलं केंदूर आन् माझं माहेर राहू. तुम्ही गेल्यावरची पहिलीच. तुम्हाला निकाल सांगितल्याबिगर घास गोड लागंना, म्हणून लिहायला बसले.

लग्नाच्या वर्षी तुम्हीच मला हौसेनं मॅचला नेलं व्हतं. मी खुर्चीत टेकले आन् आपला कॅप्टन बाद! तुम्ही माझ्या पायांकडं बघितलं. झालं! सुनेचा पायगुण कबड्डीला वाईट. तवापासून मॅच असली की मी घरात. आन् वर तुमचा फोन, "सूनबाई, गच्चीवर तर न्हाईस ना?" एकदा मी घरात असूनही हरलो, तर म्हणालात, "मनानं आली असशील मैदानावर!" आता मनाला काय दाव्यानं बांधू?

माझ्या पायगुणानं म्हैस गाभण राहिली, बोअरला पाणी लागलं, हे भावकीत तुम्हीच सांगत फिरायचा. मग मी कबड्डीचंच काय घोडं मारलं व्हतं?

दहाव्याला तर कहर केलात. पिंडाला कावळा शिवंना. ह्यांनी शब्द दिला, "आईला जपीन." कावळा ढिम्म. धाकटे भावजी म्हणाले, "आम्ही भाऊ एकत्र राहू." तरी न्हाई. संघाला नवी जर्सी देतो म्हटल्यावर जरा खालच्या फांदीवर आला. मग सगळा घाट माझ्याकडं बघाय लागला. मी रडत हात जोडले, "आबा, मी मॅचला कधी येणार न्हाई." तशी झडप घातली की हो! रडता रडता मला हसू फुटलं, आन् तुमचे मेहुणे डोळे वटारून बघत राहिले.

आज सकाळी माझा भाऊ संत्या, राहूचा मेन रेडर, गाडी घेऊन दारात हजर. "ताई, चल मॅचला. नुसती येऊन बस. बाकीचं तुझा पायगुण बघंल!" बघा मेल्याला! बहिणीला न्यायला न्हाई, अपशकुन न्यायला आला!

पण खरं सांगू आबा? मला लई जावंसं वाटलं. तुम्ही सगळे ज्याच्यापायी घसा बसवून यायचा, ते एकदा तरी शेवटपर्यंत बघायचं व्हतं. चप्पलसुद्धा घातली. मग काढली. पायगुण-बियगुण मी मानत न्हाई. पण फायनल व्हती ना!

मोबाईलवर बघितलं तर पायगुण लागतो का, हे तुम्ही सांगून गेला न्हाई. म्हणून मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवला आन् गोठ्यात जाऊन धुतलेली म्हैस परत धुतली. डबा वाजला तशी पळत आले. ह्यांचा फोन, माझ्या माहेराला जपत, "एका पॉइंटनं! केंदूरवाले जिंकले!"

"जिंकले काय? जिंकलो म्हणा!" मी ओरडले.

ऐकलंत का आबा? तुम्ही कायम चिडायचा, "तुमचा संघ काय म्हणतीस? आपला म्हण." आज आपसूक तोंडातून गेलं, तेही माझं राहू हरल्यावर. पिठाच्या हातानं डोळं पुसत बसले. ऐकायला तुम्ही पाहिजे व्हता.

संत्या बोलत न्हाई माझ्याशी. राखीला येईल झक मारत.

तर हा शब्द. पुढच्या फायनललाही मी घरातच. तुम्ही वरनं बघा, आन् रात्री सपनात येऊन सगळी मॅच मला पहिल्या रेडपासून सांगा. मात्र हरलो, तर मी कुठं व्हते हे विचारायचं न्हाई!

आपल्याच संघाची,
सूनबाई