ऑपेलचा इतिहास आणि त्रेसष्ट पार्ट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून सुरुवात. पुस्तकाचं नाव ठरलं: 'ऑपेल: मूळ आणि इतिहास'. अकरा प्रकरणं. मराठीत या जर्मन कंपनीवर एवढं अचूक काम कोणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. तेल्हाऱ्याच्या जिनिंगवाल्या शेठनं १९९८ साली ऑपेल ॲस्ट्रा घेतली तेव्हा मी त्याचा ड्रायव्हर. गाडीचं मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारा मी एकटा. शेठनं उघडलंही नाही. आता अमरावतीत स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळतो. कॉलेज केलं नाही. गरज पडली नाही.
रोज दोन पानं. डिसेंबरअखेर पुस्तक तयार.

५ नोव्हेंबर, बुधवार
ॲडम ऑपेल. जन्म ९ मे १८३७, रुसेल्सहाइम. बाप कुलूपवाला. पोरगा पॅरिसला जाऊन शिलाई मशीनचं काम शिकला. १८६२ साली गावी परत येऊन पहिलं मशीन तयार केलं, मग 'अंकल'च्या गोठ्यात कारखाना. काका की मामा? इंग्रजीत कळायची सोय नाही. हे नक्की झाल्याशिवाय पुढे जाणार नाही.
पानं: पाऊण.

९ नोव्हेंबर, रविवार
काका-मामा बाजूला ठेवला. मूळ प्रश्न मशीनचा. ज्यानं शिलाई मशीन आतून पाहिलं नाही त्यानं ऑपेलवर लिहू नये. म्हणून बायकोचं, साधनाचं, मशीन उघडलं. हॉलमध्ये पेपर अंथरला, प्रत्येक पार्ट त्यावर ठेवून पेन्सिलीनं गोल काढला, गोलात नंबर टाकला. एकूण ६३. असं काम कंपनीतसुद्धा होत नसेल.
साधना बाजारातून आली, पिशवी हातात धरून पाहत राहिली. म्हणाली, तुळशीचं लग्न झालं, सीझन लागला, नऊ ब्लाउज बुधवारी द्यायचे आहेत. मंगळवारी जोडून देतो म्हटलं. मग वाकून एकेक गोल पाहू लागली. तिलाही विषयात रस वाटला असावा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
स्क्रू नंबर १७ आणि १८ दिसायला सारखे. आट्यांत फरक आहे. घाई करून चालणार नाही. जोडणी उद्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
साधना अकोल्याला गेली, भावाकडे, देवरावकडे. त्याच्या बायकोचं जुनं मशीन आहे म्हणे. नऊ ब्लाउजांची कापडं बॅगेत भरून नेली. चांगलं झालं. लिहायला शांतता. चार-पाच दिवसांत येईलच.
खिचडी केली.

१६ नोव्हेंबर, रविवार
जोडायला बसलो तर पार्ट ६२. तीनदा मोजले. नंबर ४१ नाही. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची गुंडी बसते ती लोखंडी डबी. गोल आहे, डबी नाही. उंदीर नेणार नाही, जड आहे.
शेजारच्या दुर्गाबाई ब्लाउज विचारायला आल्या. त्यांच्यावर संशय होता, पण त्या पेपरपर्यंत आल्याच नाहीत. दारातून म्हणाल्या, बाई रागानं माहेरी गेली की माणसानं आठ दिवसांत घ्यायले जावं, ती काही आपल्या पायानं येत नाही. मी म्हटलं, साधना रागानं गेलेलीच नाही. मग गोठ्याचा इतिहास सांगायला घेतला. त्यांच्या गॅसवर दूध होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अपेक्षाचा नागपूरहून फोन. आईले घ्यायले कधी जाता, विचारत होती. आईनं बॅग भरून दाराजवळ ठेवली आहे म्हणे. मी समजावलं: रिकाम्या हातानं जाणार नाही. मशीन जोडून, पहिलं प्रकरण पूर्ण करून, दोन्ही घेऊन जाईन. आईला बरं वाटेल. ती म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते जा. पोरीला पद्धतशीर कामाची सवय नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
ॲडमचं लग्न १८६८. बायको सोफी. तिच्या माहेरच्या पैशानं कारखाना वाढला. पाच मुलं. पुढे सायकली. ॲडम ८ सप्टेंबर १८९५ ला वारला. मोटारी सुरू झाल्या १८९९ मध्ये, सोफी आणि मुलांनी केल्या. म्हणजे ऑपेल गाडी ऑपेलनं पाहिलीच नाही.
सोफीला किती जागा द्यावी? मूळ माणूस ॲडम. एक परिच्छेद पुरे.

२६ नोव्हेंबर, बुधवार
खिचडी. ६२.

३० नोव्हेंबर, रविवार
बाजारातून दोन बॉबिन केस आणल्या. एक सैल, एक बसतच नाही. बाकी सगळं जोडलं. चाक फिरतं, सुई खाली-वर होते, टाका पडत नाही. तत्त्वतः मशीन तयार आहे.
देवरावचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलला. जाता जाता म्हणाला, ताईनं बॅग माळ्यावर टाकली भाऊजी. दाराजवळ अडचण होत असेल.
पुढच्या रविवारी अकोला. नक्की.

७ डिसेंबर, रविवार
पहिल्या एसटीनं गेलो. मशीन पोत्यात, मांडीवर. हस्तलिखित बगलेत, चौदा पानं.
देवरावच्या समोरच्या खोलीत नवीन टेबल, खिडकीवर कागद: 'साधना लेडीज टेलर'. दोन बाया बसलेल्या. साधनाच्या गळ्यात टेप. मी पोतं खाली ठेवलं आणि सोफीचा परिच्छेद काढला. तिला तोच आवडेल असं वाटलं होतं.
ती म्हणाली, "घ्यायले आले का दाखवायले?"
मी तेव्हा पान शोधत होतो. म्हणून उत्तराला वेळ लागला. दोन्ही, म्हटलं.
तिनं खडूच्या डब्यातून नंबर ४१ काढला. तेरा तारखेपासून तिच्याकडेच होता.
"हे मागायले तरी आले असते पहिल्या हप्त्यात," ती म्हणाली, "तं मी तशीच उठून आले असते."
त्या दोन बाया कापड पाहू लागल्या.
तिनं डबी बसवली, दोरा ओवला, चाक फिरवलं. टाका पडला. सरळ. मिनिटसुद्धा लागलं नाही. मी १७ आणि १८ बरोबर लावले होते.
मग म्हणाली, मशीन राहू द्या इथंच, सीझन मेपर्यंत आहे. मेनंतर काय, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जेवून जा म्हणाली. जेवलो. परिच्छेद वाचायचा राहिला. परतीच्या गाडीत मांडी हलकी होती.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आज लिहिलं नाही.
पेपर अजून हॉलमध्येच आहे. गोल मोजले. ६३. माझी नोंद बरोबर होती.