मधल्या कपाटातली जागा

४ नोव्हेंबर
आलो एकदाच्या. नवं शहर, नवं घर, नवी नोकरी. आम्ही तिघी आहोत: मी, आई आणि माझी लेक भिंगरी. खरं नाव शाळेपुरतं. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिच्या बाबांची बदली होईपर्यंत घरात बायकांचंच राज्य. आईने स्वयंपाकघर पाहून नाक मुरडलं आणि तासाभरात ते ताब्यातही घेतलं.

कलादालन फार आवडलं. खाली जुन्या वस्तूंचं संग्रहालय, वर चित्रं, आणि मधलं मोठं दालन इथल्या रहिवाशांसाठी. तिथलं प्रदर्शन आता मी मांडायचं. नाव ठरलंय, ‘आमच्या घरातून’. लोकांनी घरातली एक वस्तू द्यायची, आम्ही ती काचेच्या कपाटात ठेवायची, शेजारी दोन ओळींची चिठ्ठी. प्रदर्शन संपलं की ज्याची वस्तू त्याला परत. जिन्यापाशी बाकावर बसलेल्या मुलाचा पुतळा आहे, इतका हुबेहूब की भिंगरीने त्याला नाव विचारलं. शिल्पकाराचं नाव मात्र कुठेच नाही.

१२ नोव्हेंबर
वस्तू येऊ लागल्या. शिंप्याने आजोबांची कात्री दिली आणि तिला कोणी हात लावणार नाही ना, हे पुन्हा पुन्हा विचारलं. बसच्या ड्रायव्हरने जुना भोंगा आणला, तो वाजवून दाखवल्याशिवाय हातातून सोडेना. मी हातमोजे घालून एकेक वस्तू मऊ ब्रशने झाडते. या कामात माझा जीव रमतो. भिंगरी शाळेतून थेट इथे येते आणि दालनभर उधळते. तिच्या लाल कापडी बुटांची टोकं झिजून पांढरी झालीत, कारण बाईसाहेब सायकलचा ब्रेक पायाने लावतात.

संचालिकाबाईंनी एकच गोष्ट बजावली. मधलं कपाट सगळ्यांत मोठं, आत माणूस सहज मावेल. त्यातली एक जागा रिकामी सोडायची. तिच्यावर दिवा लावायचा, पण वस्तू ठेवायची नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, इथली पद्धत आहे. पद्धत म्हटलं की पुढे बोलणंच खुंटलं.

२० नोव्हेंबर
उद्या उद्घाटन. सगळं छान जमलंय, फक्त ती जागा हसऱ्या तोंडातल्या पडलेल्या दातासारखी दिसते. बघणारे म्हणतील, नव्या बाईंना वस्तू कमी पडल्या. मला राहवेना. भिंगरीला नवे बूट घेतलेच होते, म्हणून तिचे लाल बूट तिथे ठेवले. नाड्यांचं सुरेख फूल बांधलं. चिठ्ठीवर लिहिलं, ‘भिंगरीचे बूट. अजून धावतात.’

संचालिकाबाई आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. रागावतील असं वाटलं होतं. उलट त्यांच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

२२ नोव्हेंबर
काल तुडुंब गर्दी. भोंग्यापुढे तर रांगच. घरी आल्यावर भिंगरी खुर्चीत बसली ती बसलीच. आजही तशीच. आई म्हणाली, देव पावला, पोर शहाणी झाली. मी हसले, पण मला ते फारसं आवडलं नाही.

२५ नोव्हेंबर
बुटांचं फूल सुटलंय. नाड्या गाठीवर गाठ मारून बांधल्यात. तशी गाठ फक्त भिंगरी मारते. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. बुटांच्या तळांना ओली माती आहे. काचेवर आतून वाफ धरलीये, साधारण माझ्या कमरेच्या उंचीवर.

भिंगरीला डॉक्टरांकडे नेलं. म्हणाले, नव्या जागी मुलं गप्प होतात. पण तिचा हात त्यांनी हातात घेतला आणि लगेच सोडला. मला भीती वाटतेय.

२८ नोव्हेंबर
जिथे बसवावी तिथे बसते. खात नाही. पापण्या मिटत नाही. आज पापण्यांवर धूळ दिसली. मी खिशातून ब्रश काढला, हलक्या हाताने झाडू लागले, आणि — काय करत होते मी?

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, हिला खिडकीपाशी ठेवू नकोस, उन्हाने रंग उडेल.

३० नोव्हेंबर
बूट काढून घरी आणले. गरम आहेत, आत्ताच पायातून काढल्यासारखे. तिला घालायला गेले तर पाय आत जाईना. बोटं वळत नाहीत.

संचालिकाबाईंना जाब विचारला. त्या मला तळघरात घेऊन गेल्या. फळीवर एक माउथऑर्गन. हातात घेतला, तोही गरम. त्यांच्या मुलाचा. नवीन असताना त्यांनीही ती जागा भरली होती. आता रोज दुपारी तो हातात धरून बसतात. मुलगा कुठे आहे, विचारलं. त्यांनी वर, जिन्यापाशी असलेल्या बाकाच्या दिशेने पाहिलं.

मला आधी सांगितलं का नाही, मी ओरडले. निदान त्या दिवशी तरी? म्हणाल्या, तो इतकी वर्षं एकटा होता. तुझे बूट आल्यापासून रडत नाही.

२ डिसेंबर
बूट परत कपाटात ठेवले. निदान तिथे तरी धावू देत.

तिच्या बाबांना फोन केला. रडत सगळं सांगितलं. ते विचारत होते, लाकडाची आहे की दगडाची —

५ डिसेंबर
प्रदर्शन संपलं. शिंपी कात्री घेऊन गेला. भोंगा गेला. ज्याचं त्याला मिळालं. माझंच तेवढं —

बूट तिच्याकडे येत नाहीत, तर तिलाच बुटांकडे नेते. आई म्हणाली, बरं झालं, घरात जागा अडत होती.

दुपार. उचलून आणली. केवढी हलकी. बुटांशेजारी बसवली. ही वही घेऊन मीही आत शिरले, काच ओढून घेतली —

ऊब आहे इथे. वाफ. बूट जागेवर नाहीत. तिच्या पायात — दिसत नाही नीट. धावतेय. माझ्या मागे धावतेय, हसतेय, तेच हसू —

मान वळत नाही.

बाहेर संचालिकाबाई. दिवा सारखा करताहेत. माझ्या पायाशी चिठ्ठी —

बोटं जड. मागे पावलं, मागेच. एवढ्या जवळ. बाळा, पुढून धाव ग, एकदा पुढू