सोन्याच्या काट्यावर तोललेली जमीन

प्रिय दाजी,

साष्टांग नमस्कार. आठही अंगं अजून दमट आहेत, तेव्हा जरा बेतानेच स्वीकारावा. इकडे सगळं ठीक, माझं नाक सोडून. ताईचा खांदा कसा आहे? (तो नेमका सहलीनंतरच का धरतो, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. आता पडला आहे. त्याकडे येतोच.)

पत्रास कारण तुमची दलदल. म्हणजे दलदल निसर्गाची, पण तिच्यात नेऊन बसवलंत तुम्ही. आमची ही तंबूत राहायला कधीच तयार नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा कशीबशी कबूल झाली, ती एकाच अटीवर: पाठ कोरडी राहिली पाहिजे, नाहीतर घरी येऊन तंबू विकायचा. म्हणून मी सल्ल्यासाठी तुमच्या सराफी पेढीवर आलो. (आपल्या घरात तुमच्याइतकं हलकं सामान घेऊन कोणी भटकत नाही, हे तुम्हीच जेवताना सांगत असता.) ओल्या जमिनीवर तंबूत अंथरायला काय घ्यावं, एवढाच माझा प्रश्न. तुम्ही अंगठ्या बाजूला सारल्यात आणि मी आणलेले नमुने सोन्याच्या काट्यावर ठेवायला लागलात. ताडपत्री नापास. फोमची चटई पारड्यात मावेना, म्हणून तीही नापास, न तोलताच! शेवटी ते झिरझिरीत प्लास्टिक ठेवलंत. काटा हललासुद्धा नाही, आणि गिऱ्हाइकाने घडणावळ न विचारता हार घ्यावा तसा तुमचा चेहरा खुलला. वर म्हणालात, ओली जमीन मऊच असते, गादीचं ओझं कशाला? आणि प्लास्टिक चारी बाजूंनी हातभर बाहेर राहू दे, चपला ठेवायला.

दाजी, चपला छान राहिल्या. तरंगत राहिल्या. दिवस मावळायच्या आत पाऊस आला, तंबूवरून ओघळला, तुमच्या त्या हातभर कडेवर साचला आणि आमंत्रण असल्यासारखा आत आला. खालची तऱ्हा आणखी वेगळी. चहा ओतायला गुडघा टेकला की गुडघ्याखालून पाणी, कोपर टेकलं की कोपराखालून. मग मी अजिबात हलायचं नाही असं ठरवलं, तर सगळाच्या सगळा हळूहळू खाली जाऊ लागलो. ही पातेलं पालथं घालून त्यावर बसली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. बोलली असती तर परवडलं असतं. (बोलली. परतीच्या वाटेवर. अख्ख्या वाटेवर.)

घरी आल्या आल्या मी ताईला फोन लावला, तुमच्या नावाने खडे फोडायला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अरे वेड्या, ते पातळ प्लास्टिक ह्यांनी चारचौघांत मिरवायचं. त्याच्याखाली अंथरायचं जाड रबर माझ्या पाठीवर असतं ना!"

मला राग आला दाजी. खरंच आला. इतकी वर्षं तुम्ही पुढे शीळ घालत चालता, मागून ती खांदा चोळत येते, आणि आम्ही आपले म्हणतो, बघा, दाजींचं सामान किती आटोपशीर! फोमच्या चटईसारखी तिची बॅगही कधी पारड्यात मावली नाही, म्हणून हिशेबातच धरली नाहीत.

असो. काही अधिकउणं लिहिलं गेलं असेल तर ते माझ्या सर्दीच्या खाती मांडावं.

तुमचा न वाळलेला मेहुणा

ता. क. खरं काम राहूनच गेलं. ते जाड रबर पुढच्या सहलीला हवं आहे. तंबू विकायचा बेत हिने तूर्त पुढे ढकलला आहे. रबर असेल आणि ताई सोबत असेल, तर पुन्हा यायला तयार आहे.

आणखी एक ता. क. ताईला विचारलं. येते म्हणाली, पण मोकळ्या पाठीने. तेव्हा रबर घेऊन तुम्हीच यायचं आहे. ओझ्याची चिंता नसावी. त्याला काही वजनच नाही, असं तुम्हीच तिला आजवर सांगत आलात म्हणे.